ओताकीच्या किमोनोची उजवी बाजू

इसोगाई फुमिएबाईंना जिची भीती वाटत नाही अशी वस्तू अख्ख्या तोक्योत सापडली नसती. भूकंपाला सगळेच भितात. इसोगाईबाई टेलिफोनला भीत, सरकत्या जिन्याला भीत, टपालाने आलेल्या जाड पाकिटाला भीत आणि शेजारणीने उगाचच खरबूज आणून दिलं तर त्या खरबुजालाही भीत. कुणी नुसतं "जरा येता का?" म्हटलं की बाई आधी माफी मागून टाकत आणि मग कशाबद्दल मागितली ते विचारत.

अशा बाईंना नोकरी मिळाली होती ती दुसऱ्यांच्या चुका काढण्याची!

तोक्योच्याच सुगिनामी भागात तोफूच्या एका दुकानावरच्या मजल्यावर टीव्हीसाठी कार्टून बनायची. अठराव्या वर्षी निइगाताहून आलेल्या फुमिएबाई तिथे आधी अकरा वर्षं रेषा गिरवत होत्या. कागदावरचं चित्र पारदर्शक पानावर टाकाने उतरवायचं, मग दुसऱ्या बायका मागून रंग भरायच्या. पुढे बाईंची नजर बघून त्यांना तपासणीला बसवलं. एकोणीस वर्षं पांढरे हातमोजे घालून त्यांनी पानामागून पान उजेडापुढे धरलं. कुठे रंग बाहेर गेलाय, कुठे केस चिकटलाय, कुठे पात्राची भुवई राहिलीय, सगळं त्यांना दिसे. चूक सापडली की ती स्वतःच केल्यासारखा चेहरा करून त्या रंगारणीकडे जात. "माफ करा हं, पण घोड्याला पाच पाय झालेत."

त्या वर्षी कंपनीने जुन्या थोर कादंबऱ्यांची मालिका घेतली होती. शाळेच्या पुस्तकात ज्यांचे उतारे वाचताना पिढ्यान्‌पिढ्या पेंगल्या, त्या कादंबऱ्या आता दर शुक्रवारी संध्याकाळी साडेसातला, मधे साबणाच्या दोन जाहिराती घेऊन, अर्ध्या तासात उरकायच्या. ओकिमोतो नावाच्या दिवंगत लेखकाने नदीच्या वर्णनाला चाळीस पानं दिली होती. पटकथेत तिला चार सेकंद मिळाले. त्या चार सेकंदांत नावाड्याची बायको ओताकी पुरात हरवलेल्या नवऱ्याची वाट बघून काठावरून घरी परतते.

जाताना ओताकी डावीकडून उजवीकडे चालते. तिची चौदा चित्रं झाली होती. येतानाची चौदा काढायच्या आधीच चित्रकार तापाने अंथरुणाला खिळला. दिग्दर्शक उराबेसाहेब डोकं धरून बसले, तेव्हा इसोगाईबाईंनी जन्मात पहिल्यांदा न विचारता तोंड उघडलं.

"माफ करा हं. पण जातानाचेच कागद पालथे घालून गिरवले तर?"

साहेबांनी त्यांना वाकून नमस्कार केला. रंगारणींनी टाळ्या वाजवल्या. कौतुकाने भांबावलेल्या बाईंनी एक गोष्ट मात्र आठवणीने सांगितली. ओताकीच्या अंबाड्यातला कंगवा दुसऱ्या बाजूला जाईल, तो उचलून जागेवर आणा. चौदाही चित्रांत कंगवा जागेवर आणला गेला. बाई आठवडाभर स्वतःवर खूश होत्या.

पुढच्या बुधवारी सकाळी त्यांच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या न्हाव्याचा अंत्यविधी होता. बाई काळे कपडे घालून गेल्या, चिमूटभर धूप निखाऱ्यावर सोडला आणि शवपेटीत डोकावल्या. न्हावीबुवा पांढऱ्या किमोनोत शांत पडले होते. किमोनोची उजवी बाजू वर, डावी खाली. जिवंत माणूस डावी वर घेतो. उजवी वर घेतात ती फक्त मेलेल्याची.

पालथा कागद! ओताकी!

कंगवा जागेवर आणला होता. गळपट्टी तशीच राहिली होती. नवऱ्याची वाट बघणारी जितीजागती बाई चार सेकंद प्रेताच्या वेषात चालत होती, आणि परवा ती घराघरांत जेवणाच्या वेळी चालणार होती.

बाई मागच्या मागे सरकल्या त्या न्हाव्याच्या विधवेच्या पायावर. तिची माफी मागून त्या थेट स्टेशनकडे धावल्या. आज दुपारी दोन वाजता ओकिमोतोंची मुलगी भाग बघायला येणार होती. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या ह्या बाईंनी परवानगीच त्या अटीवर दिली होती. आधी मी बघेन, मग जग बघेल.

"उराबेसाहेब, जरा—"

"आज काही सांगायचं नाही, इसोगाईबाई. आज भूकंप झाला तरी उद्या सांगा."

"पण ओताकीचं—"

"चहा! पाहुण्या आल्या!"

ओकिमोतोबाई राखी किमोनोत, काठी टेकत वर आल्या. सोबत टीव्हीचा माणूस होता, तो प्रत्येक पायरीवर "वा" म्हणत होता. दिवे मालवले, प्रोजेक्टर घरघरू लागला. हातात चहाचा ट्रे घेऊन इसोगाईबाई भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या. ट्रेवरचे पेले किणकिणत होते. गप्प बसलं तर कदाचित कुणालाच कळणार नाही. बोललं तर तीस वर्षांची नोकरी आजच जाईल. पूर आला, नाव उलटली, ओताकी काठावर गेली. आता वळेल.

इसोगाईबाईंचं अजून काहीच ठरलं नव्हतं. पाय मात्र निघाले. त्या ट्रेसकट प्रकाशाच्या झोतात जाऊन उभ्या राहिल्या. पडद्यावर ओताकीच्या जागी एक भलीमोठी थरथरणारी सावली आणि चार पेले उमटले.

"अहो! बाजूला व्हा!" टीव्हीवाला ओरडला.

"इसोगाईबाई!!" साहेब.

चार सेकंद झाले. बाई बाजूला झाल्या.

"थांबवा," ओकिमोतोबाई म्हणाल्या. "दिवे लावा. तुम्ही, ट्रेवाल्या. काय झाकत होतात?"

मग इसोगाईबाईंनी सगळं सांगितलं. पालथे कागद, कंगवा, न्हावी, कल्पना माझीच, रंगारणींचा दोष नाही. मधे अकरा वेळा माफी मागितली. उराबेसाहेबांच्या सिगारेटची राख त्यांच्याच पँटवर पडली. फिल्म मागे नेऊन पुन्हा दाखवली. उजवी वर. स्पष्ट.

"मला दिसलं नसतं हो," ओकिमोतोबाई सावकाश म्हणाल्या. "दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे माझ्या."

इसोगाईबाईंना वाटलं, जमीन दुभंगावी. भूकंप हवासा वाटण्याची त्यांची ही पहिलीच वेळ.

"पण आता तुम्ही सांगितलंत. आता मला दुसरं काही दिसणारच नाही. वडिलांनी ओताकीला शेवटपर्यंत जिवंत ठेवलंय, आणि तुम्ही तिला मधेच पुरलीत. दुरुस्त करा, नाहीतर दाखवू नका."

"परवा आहे, बाईसाहेब!" टीव्हीवाला म्हणाला. "उद्या दुपारपर्यंत कॅमेऱ्याकडे गेलं नाही तर—"

"मग आत्ता बसा."

उराबेसाहेबांनी इसोगाईबाईंकडे पाहिलं. रागवायचं की रडायचं हे त्यांचं ठरेना. "चित्रकार तापात. गिरवणाऱ्या पोरी दुसऱ्या भागाला जुंपल्यात. तुम्हाला येतं ना अजून?"

"एकोणीस वर्षं टाक हातात धरला नाही मी. हात कापतोय, साहेब."

"तो कधी कापत नव्हता? बसा!"

कोरं पान पुढे आलं. बाईंनी टाक शाईत बुडवला आणि गळपट्टीची रेष ओढली. ती रेष नव्हती, गांडूळ होतं. पान बाद. दुसरं बाद. तिसऱ्याला ओकिमोतोबाई खुर्ची ओढून समोर येऊन बसल्या आणि ताठ मान करून आपली गळपट्टी त्यांच्यापुढे धरली.

"बघून काढा. डावी वर. मी कुठे जात नाही. आणि माफी मागू नका, रेष हलते."

चौदा पानं. दुसऱ्या दिवशी साडेअकराला, रंग पुरता वाळायच्या आत, ती कॅमेऱ्याकडे गेली. साहेबांनी नोकरीचं काहीच काढलं नाही. ते काढत नाहीत म्हणून बाई आणखी घाबरल्या.

शुक्रवारी साडेसातला त्या थोरल्या बहिणीकडे टीव्हीसमोर बसल्या. पूर आला, नाव उलटली. ओताकी वळणार इतक्यात बाईंनी गच्च डोळे मिटले आणि मनात चार अंक मोजले. धीर होईना म्हणून आणखी चार मोजले.

"ताई," डोळे न उघडता त्यांनी विचारलं, "कुठली बाजू वर होती?"

"कशाची गं?" बहीण वाटाणे सोलत म्हणाली. "मी तिचा चेहरा बघत होते. बिचारी!"