नाक्यावरची वांगी

धुरपदाबाईचा कोणावर म्हणून विश्वास नव्हता. दूधवाला आला की आधी भांड्यात बोट बुडवून बघायची, मगच त्याच्याशी बोलायची. गाव खानदेशातलं, म्युनिसिपालिटीचं. नाव सांगत नाही, उगाच कोणाला झोंबेल. घर गावात आणि वांग्यांचा मळा जकात नाक्याच्या पलीकडे. तेव्हा घरपट्टी भरणाऱ्यालाच मत असे; नवरा गेल्यावर घरपट्टी तिच्या नावावर आली, म्हणून मतही आलं.

रोज सकाळी ती भरताची वांगी डोक्यावर घेऊन नाक्यावर यायची. वांगी एकमेकांवर घासून डागू नयेत म्हणून दोन-दोन देठं केळीच्या सोपटाने, म्हणजे खोडाच्या सुक्या सालीने, बांधायची आणि पीळ मारून गाठ आत खोचायची. गावात असं दुसरं कोणी करत नव्हतं. नाकेदार रीतसर जकात घ्यायचा आणि वर पाटीतली सगळ्यात टवटवीत वांगी उचलायचा. उरलेली बघून बाजारात गिऱ्हाईक नाक मुरडायचं. धुरपदाबाई नुसती जळफळायची, कारण त्या वांग्यांवरच तिची चूल पेटत होती.

निवडणूक आली. जुना मेंबर रुपचंदशेठ पुन्हा उभा होता आणि त्याच्यासमोर तेलघाण्याचा चुडामण. शेठ हात जोडून दारात आला, तेव्हा हिने सरळ विचारलं, “शेठ, नाकेदार कोनं आयकस?”

“अक्का, ते प्रेसिडेंटचं काम. मेंबराच्या हातात काय आहे?”

“मंग प्रेसिडेंटले मत कठे देवानं?”

शेठ हसला. “प्रेसिडेंट तुम्ही नाही निवडत. आम्ही मेंबर निवडतो.”

म्हणजे मी याला निवडायचं, हा त्याला निवडणार, आणि याच्या हातात म्हणे काही नाही! तिच्या मनात पाल चुकचुकली.

मग ती चुडामणच्या घाण्यावर गेली. तो म्हणाला, “एकट्याने नाकेदार हलवता येणार नाही, अक्का. पण सभेत उभं राहून विचारता येतं. तेवढं करीन.” तिचा यावरही विश्वास बसला नाही. पण मेंबराचं काम काय, ते निदान कळलं.

शेठने स्वतःच्या मळ्यात मतदारांना भरीत-भाकरीची पंगत दिली. बाया भाकरी थापायला बसल्या, त्यात हीही होती. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजत होती आणि बाजूला सोपटं पडली होती. तिने एक उचललं. पीळ मारून आत खोचलेली गाठ. नाक्यावर उचललेली वांगी इथे येत होती तर! तरी बाई पोटभर जेवली. आपल्याच मळ्याचं होतं, कशाला सोडायचं?

मतदानाला शेठने बैलांची दमणी पाठवली. तिच्यात ऐटीत बसून ती गेली आणि चुडामणला मत देऊन आली. चुडामण निवडून आला.

दुसऱ्या दिवशी नाक्यावर नाकेदाराचा हात पाटीत गेलाच. “आता चुडामणभाऊंकडे पाठवायची,” तो म्हणाला.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण आवाज न चढवता म्हणाली, “ल्या. फक्त गाठ सोडू नका. मी सांजले त्यासनी चूल देखाले जासू. तठे मनी गाठ दिखनी नही, तं भाऊलेच सभामा इचाराले सांगसू.”

नाकेदाराने तिच्याकडे बघितलं, गाठीकडे बघितलं आणि वांगी मुकाट्याने पाटीत परत ठेवली.

तरी संध्याकाळी ती चुडामणच्या घरी गेलीच. थेट चुलीपाशी जाऊन तिने पातेल्यावरचं झाकण उचललं. आत पिठलं रटरटत होतं.

“आज तं पिठलं शे,” ती म्हणाली, आणि उद्या परत येते असं सांगून निघाली.