तेरावी चकती

उजव्या हाताची मागची बाजू भट्टीच्या दारापासून वीतभर अंतरावर धरायची, मान किंचित कलती करायची आणि म्हणायचे, "अजून लागलं न्हाई." काट्यावर अंश स्पष्ट दिसत असत, तरी आमच्या भट्टीचालकाचा हा विधी चुकत नसे. प्रथम मला हसू येई. पुढे मी काट्याबरोबर त्याच्या हाताकडेही पाहू लागलो.

तुम्हीही अशी माणसे पाहिली असतील; ज्या यंत्रापाशी उभी राहतात, त्याचीच होऊन जातात. हा मूळचा दुधाचा. पाटोद्याजवळच्या सहकारी दूध शीतकरण केंद्रात तो बॉयलर सांभाळी. दुष्काळ पडला, जनावरे छावणीत गेली, केंद्राला कुलूप लागले. त्याच इमारतीत आम्ही अकरा जणांनी नवी सहकारी संस्था काढली. विज्ञान शिकवून निवृत्त झालेला मी तिचा सचिव. बाहेरून आलेल्या पारदर्शक काचेच्या चकत्या विद्युतभट्टीत तापवून द्यायच्या, एवढेच काम. औरंगाबादचे एक शल्यचिकित्सक त्या जबड्याच्या हाडातील पोकळीत बसवणार होते.

साधी काच तेथे टिकत नाही. तिला आधी मध्यम उष्णतेत तीन तास स्थिर ठेवावे लागते; तेव्हा तिच्या आत स्फटिकांचे सूक्ष्म कण धरतात. मग उष्णता वाढवली की ते कण वाढतात आणि काच दुधासारखी पांढरी व चिवट होते. हे मी त्याला फळ्यावर काढून समजावले.

"म्हंजी विरजणच की, गुरुजी," तो म्हणाला. "कोमटात लावायचं अन् भांडं हलवायचं न्हाई."

इतक्या वर्षांच्या अध्यापनात ही उपमा मला सुचली नव्हती.

दर खेपेला बारा चकत्यांसोबत तो तेरावी ठेवी. "दुधाचा नमुना काढत्यात, तसा." थंड झाल्यावर ती हातोडीने मोडायची आणि तुटलेली कड उजेडात धरायची. आरपार एकसारखी पांढरी दिसली की म्हणायचे, "लागलं." सरावाच्या तीन खेपा अशा उत्तम लागल्या.

चौथी खेप रुग्णालयाची होती. ती पसंत पडली तर संस्थेला कायमचे काम मिळणार होते. नाही पडली तर अकरा घरांपुढे ऊसतोडीवाचून दुसरा मार्ग नव्हता. परळीच्या वीजकेंद्राचे संच पाण्यावाचून बंद होते आणि वीज केव्हाही जाई. आमचा जनरेटरही पाण्यानेच थंड राहणारा. त्या दिवशी टँकर आला नाही.

अकराच्या सुमारास वीज गेली. जनरेटर सुरू केला. थोड्याच वेळात तोही तापून बंद करावा लागला. त्याने सायकल काढली. "गुरुजी, काट्यावर डोळा ठेवा. घरचं पाणी आणतो."

मी डोळा ठेवला. काटा सहाशेवरून उतरू लागला. तो चारशेपर्यंत खाली आलेला मी पाहिला.

तो दोन घागरी सायकलला बांधून आला. मागून बायको तरातरा चालत आली. "भट्टीलाच पाजा समदं! लेकरांनी काय रिकामा रांजण चाटायचा?"

"उद्या टँकर येतोय."

"काल बी ह्येच म्हनलात!"

त्याने घागरी सोडून जनरेटर पुन्हा सुरू केला. तो जनरेटरपाशी उभा राहून तांब्यातांब्याने पाणी घालत राहिला. वीज आल्यावर आत आला, तेव्हा काटा पुन्हा सहाशेवर होता. त्याने नोंदवही उघडली. दर दहा मिनिटांची नोंद तो स्वतः करी. मधल्या ओळी रिकाम्या होत्या.

"मदल्या वक्ताला किती हुता, गुरुजी?"

नव्या चकत्या यायला महिना लागला असता. तेवढ्यात काम दुसरीकडे गेले असते.

"तेवढाच," मी म्हणालो. "हलला नाही."

त्याने लिहिले. मी सांगितले म्हणून लिहिले.

दुसऱ्या दिवशी बाराही चकत्या पांढऱ्याशुभ्र निघाल्या. मी त्या एका सभासदाबरोबर सकाळच्या एसटीने रवाना केल्या. हा पाण्याच्या रांगेतून उशिरा आला. आल्याबरोबर त्याने तेरावी मोडली आणि बराच वेळ उजेडात धरून ठेवली. कडा पांढऱ्या होत्या. मधोमध काच चमकत होती.

"लागलं न्हाई." मग माझ्याकडे वळून, "गुरुजी, काटा खरंच हलला न्हवता?"

"नाही."

त्याने हातोडी जागेवर ठेवली, अर्धा तुकडा खिशात घातला आणि औरंगाबादची दुपारची गाडी धरली.

तेथे तो काय बोलला, ते मला डॉक्टरांच्या पत्रातून कळले: "काटा पाहणे माझे काम होते, माझी नजर चुकली," असे त्याने सांगितले होते. खेप बाद झाली आणि पुढचे कामही गेले. कामगाराच्या सचोटीबद्दल त्यांनी संस्थेचे अभिनंदन केले होते. ते पत्र मी सभेत वाचून दाखवले नाही.

सभेत त्याला उभे केले होते. "डोळे फुटलते का बे तुजे?" एकजण ओरडला. दुसरा म्हणाला, "गप बसला असतास तर कुनाला कळलं असतं?"

"ज्याच्या जबड्यात मोडली असती त्याला," तो म्हणाला.

त्याने माझ्याकडे पाहिले नाही. एकदाही नाही. मी बोलेन म्हणून तो थांबला होता असेही मला म्हणता येत नाही. भट्टीचालकाच्या निष्काळजीपणामुळे संस्थेचे नुकसान झाले, सबब त्यास कमी करण्यात येत आहे, असा ठराव झाला. इतिवृत्त माझ्या अक्षरात आहे.

ऊसतोडीचा ट्रक गावातून निघाला त्या सकाळी तो माझ्या दारात आला. बायको ट्रकमध्ये बसली होती. मुले तिच्या मांडीशी होती. त्याने खिशातून तुकडा काढून माझ्या टेबलावर ठेवला.

"तुमच्यापाशी असू द्या."

मला बोलायचे होते. मी म्हणालो, "पाणी घेणार?"

"नको, गुरुजी. तुमचा बी टँकर आला नसंल."

तो परत आला नाही. पुढे बाकीचेही एकेक करून गेले. संस्थेच्या दाराला आता दूध केंद्राचेच जुने कुलूप आहे.

तुकडा टेबलावर आहे. सकाळी खिडकीतून उजेड आला की त्याचा मधला भाग चमकतो.