कडू दोडक्याचं नाव

आप्पांना आमच्या वाडीत देवमाणूस म्हणत. मला ते कधीच आवडले नाहीत. आता ते हयात नाहीत म्हणून माझं मत बदलायचं काही कारण नाही.

आमची वाडी खुटबावच्या शिवारात. आप्पांकडं एके काळी मेंढरं होती, त्यांच्यामागं सगळी माळरानं पायाखाली घातलेली. पुढं मेंढरं विकून ऊस लावला, पण झाडपाल्याची माहिती राहिली. कावीळ झालेल्या माणसाला रविवारी सकाळी उपाशीपोटी त्यांच्यापुढं बसवायचं. ते फडक्यात काहीतरी ठेचून आणत आणि नाकात तीन-तीन थेंब पिळत. समोरच्या पितळीत पिवळं पाणी ठिबकू लागलं की बाया हात जोडत. निघाली कावीळ! असे तीन रविवार. औषध कशाचं, हे विचारायचं नाही. झाडाचं नाव तोंडातून निघालं की गुण जातो, असं सगळेच मानायचे.

मी तेव्हा दौंडला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. मॅडमनी पन्नास रानझाडं वाळवून नावांसकट चिकटवायला सांगितली होती. केडगाव स्टेशनवर उतरून घरी येताना मी बांधाबांधानं वाकून चालायचे. पानं समोरासमोर की एकाआड एक, देठ गोल की चौकोनी, पाकळ्या किती. बाया विचारायच्या, "काय हरावलं गं?" मला त्यांचीही चीड यायची.

त्याच पावसाळ्यात आईला कावीळ झाली. दोन रविवार झाले, डोळे हळदीसारखे पिवळे, आणि ती उठून बसेना. दवाखान्याचं नाव काढलं की वडील म्हणायचे, "तीन रविवार हू दे. मधीच सुई टोचली तर सगळं वाया जाईल." त्यांच्यादेखत आई सुकत चालली होती आणि ते रविवार मोजत होते.

दुसऱ्या रविवारी आप्पांनी फडकं आमच्या मोरीत झटकलं होतं. त्या चोथ्यात मला जाळीचा तुकडा आणि दोन काळ्या बिया सापडल्या. जाळी दोडक्याची वाटत होती. जिभेला लावली, तर संध्याकाळपर्यंत तोंड कडू. मग कालव्याकडेच्या बाभळीवर चढलेला वेल जाऊन पाहिला. पाच कोनांचं पान, पिवळं फूल, शिरा असलेलं आखूड फळ. रानातला कडू दोडका. मॅडमना दाखवला, तर त्या घाबरल्याच. "हे नाकात? अगं, धडधाकट माणसाच्याही नाकातून पाणी येईल. आईला आधी दवाखान्यात ने."

तिसऱ्या रविवारी अंगण माणसांनी भरलं होतं. मी आप्पांच्या हातातलं फडकं हिसकावलं आणि स्वतःच्याच नाकात पिळलं. मिरची कोंबल्यासारखी आग झाली आणि पितळीत पिवळं पाणी ठिबकू लागलं.

"बघा! मला कुठं हाय कावीळ?"

शेजारची मामी पितळीत डोकावली. "आगं बया, हिला बी हाय की!"

वडिलांनी आप्पांना विचारलं, "हिला बी तीन रविवार बसवू का?" आप्पांनी सावकाश मान हलवली, उपकार केल्यासारखी.

माझं सगळं शिक्षण त्या पितळीपाशी संपलं. या माणसांना पटवण्यात अर्थ नव्हता. मग मी अंगणाच्या मधोमध उभी राहून जिवाच्या आकांतानं ओरडले, "कडू दोडका! कालव्यावरचा कडू दोडका!"

 आप्पांनी माझ्या हातातलं फडकं काढून घेतलं आणि त्याची घडी घातली. "गुण गेला," ते म्हणाले. "आता न्या कुठं न्यायचं तिथं." वडिलांनी जीप बोलावली, ती मी खरी ठरले म्हणून नव्हे, औषध मेलं म्हणून. तरी मला आनंद झाला. आप्पांचा उतरलेला चेहरा बघून तर जास्तच.

दौंडच्या डॉक्टरांनी विचारलं, नाकात काय घातलं होतं? आईला बोलायचं त्राण नव्हतं. तिनं माझ्याकडं रोखून बघत स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं. मी पुन्हा नाव सांगितलं, स्पष्ट.

आई वाचली. चालती झाल्यावर पहिल्यांदा कुठं गेली असेल, तर आप्पांकडं, नारळ घेऊन, माझ्या वतीनं माफी मागायला. परत आली ती धुसफुसतच.

"उद्या कुणाला कावीळ झाली तर त्यानं कुणाकडं जायाचं?"

"दवाखान्यात. तू गेलीस तशी."

"म्या गेले न्हाई. तुम्ही न्हेलंत," आई म्हणाली. "मला कुणी इचारलं व्हतं?"

कुणीच विचारलं नव्हतं. आप्पांनी नाही, वडिलांनी नाही, मीही नाही. आणि विचारलं असतं, तर ती नको म्हणाली असती, म्हणून मी आजही विचारणार नाही.