मुक्या घागरीचं पुस्तक

धर्माजी गायकवाड पुस्तक लिहिताहेत यावर कोंडशेतात सगळ्यात शेवटी कोणी विश्वास ठेवला असेल, तर तो त्यांच्या बायकोने. चंद्रभागेला वाटायचं, निवृत्त माणसाला काहीतरी चाळा लागतोच. कोणी कोंबड्या पाळतो, कोणी बांधावरची जुनी भांडणं उकरून काढतो, आमचे हे कागद काळे करतात. कर्जत-मुरबाड रस्त्यावर एस्टीची कंडक्टरकी करण्यात उभा जन्म गेलेला माणूस. तिकिटं फाडायला सरावलेल्या बोटांत पेन किती दिवस टिकणार? पण टिकलं. इतकं टिकलं, की जेवणाचं ताट ठेवायला टेबलावर जागा उरेना आणि दोघं जमिनीवर पाट मांडून जेवायला लागली.

पुस्तकाचा विषय म्हणजे गावामागच्या डोंगरातलं लेणं. दोन-तीन खोल्या, एक ओसरी आणि बाहेर दगडात खोदलेलं पाण्याचं टाकं, एवढाच त्याचा संसार. गाव म्हणतं, पांडवांनी एका रात्रीत कोरलं आणि कोंबडा आरवला म्हणून अर्धं सोडलं. आता महाराष्ट्रात जिथे जिथे लेणं आहे तिथे तिथे हा कोंबडा आरवलेला आहेच. धर्माजींना तो कोंबडा मंजूर नव्हता. त्यांचं सगळं लक्ष होतं ते मुक्या घागरीवर.

ही मुकी घागर फक्त कोंडशेताची. वैशाख पौर्णिमेला वरच्या आळीतली मानाची बाई तांब्याची भरलेली घागर डोक्यावर घेऊन लेण्यापर्यंत चढते. मागून गाव चालतं, आणि वेशीपासून टाक्यापर्यंत कोणी चकार शब्द काढत नाही. लेण्यात शेंदूर लावलेली देवी आहे, पण घागर तिच्यावर ओतत नाहीत. बाहेरच्या आटलेल्या टाक्यात रिकामी करतात. मग जिने घागर वर आणली तिने पहिला शब्द बोलायचा, आणि तोच गावाचा वर्षाचा शब्द. कधी 'पाऊस', कधी 'बरकत'. एका वर्षी तेव्हाच्या मानाच्या बाईचा, येसूबाईचा, पाय टाक्याच्या काठावर घसरला आणि तिच्या तोंडून 'आई गं' गेलं. ते वर्ष खरोखरच तसं गेलं, असं अजून सांगतात.

धर्माजींनी लिहिलं ते असं. वैशाखात टाकं आटतं. लेण्यात भिक्खू राहत होते तेव्हा त्या दिवसांत गाव त्यांना पाणी पोचवत असणार. ते ध्यानात बसलेले, म्हणून गावही मुक्याने चढत असणार. पुढे भिक्खू गेले, ते कोण होते हेही लोक विसरले, पण पाय चढायचे थांबले नाहीत. देवीची माणसं आणि बुद्धाची माणसं असे आज दोन भाग दिसतात, ते एकेकाळी एकाच घागरीमागे चालत होते.

पुरावा म्हणाल तर शिलालेख नाही, ताम्रपट नाही. होती ती म्हाताऱ्या माणसांची तोंडं, आणि धर्माजींची पहाटेची ध्यानाची बैठक. लेण्यात डोळे मिटून बसलं की जुना काळ जवळ येतो, असं ते म्हणायचे. "यांना ध्यानात इतिहास दिसतो," चंद्रभागा शेजारणीला सांगायची, "मला डोळे मिटले की गॅसवरचं दूध दिसतं." पण हस्तलिखित तिनेच पहिल्यांदा वाचलं, चष्मा लावून, भाकऱ्या झाल्यावर. त्यात एका ठिकाणी नवऱ्याने लिहिलं होतं, 'हे मी सिद्ध करू शकत नाही. मला असं का वाटतं तेवढं सांगतो. पटलं तर घ्या.' चंद्रभागेने ते वाक्य परत वाचलं. माणूस बडबड्या खरा, पण खोटा नाही, हे तिला लग्नापासून माहीत होतं. आपल्याला सिद्ध करता येत नाही हे छापायच्या कागदावर लिहिण्याची त्याची हिंमत मात्र नवीन होती, आणि तिला त्या दिवशी नवऱ्याचा फार अभिमान वाटला. तोंडावर म्हणाली एवढंच, "अक्षर सुधारा जरा."

प्रकाशकांनी नकार दिला. इतिहासवाले म्हणाले, हे अध्यात्म आहे. अध्यात्मवाले म्हणाले, हा इतिहास आहे. शेवटी धर्माजींनी कर्जतच्या एका छापखान्यात स्वतःच छापून घेतलं. छापखानेवाल्याचा हात लग्नपत्रिकांवर बसलेला, त्यामुळे मुखपृष्ठाच्या चारी बाजूंनी वेलबुट्टी आली. 'मुक्या घागरीचा इतिहास' हे नाव मधोमध असं दिसायचं, की आता खाली वधूवरांची नावं येतील. चंद्रभागा पोट धरून हसली. मग तिने पहिली प्रत फडक्याने पुसून बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या तसबिरीपुढे ठेवली.

विकायचं काम धर्माजींनी कंडक्टरकीच्या हिशेबाने केलं. कशेळ्याच्या बाजारात सुक्या बोंबलांच्या शेजारी पथारी मांडली आणि तोच जुना आवाज लावला, "चला, इतिहास, इतिहास! उभं राहू नका, पुढे सरका, हातात घेऊन बघा!" जुने प्रवासी त्या आवाजाने थांबले. खालापुरात तहसील कचेरीसमोरच्या चहावाल्याकडे प्रती ठेवल्या. नेरळच्या नव्या सोसायट्यांत जाऊन तिथल्या वाचनवेड्या मंडळींना लेण्याची गोष्ट सांगितली. मुलगा सुमित, जो एरवी बापाला 'पप्पा, हळू बोला' म्हणायचा, त्याने मोबाइलवर बापाचे छोटे व्हिडिओ काढून नेटवर टाकले. ते कुठून कुठे फिरले. नाशिकहून फोन आला, नागपूरहून आला. एका बाईने तर फोनवरच ध्यानाबद्दल इतकं विचारलं, की धर्माजींची आमटी गार झाली.

आणि कोंडशेतात? एकाने पुस्तक उघडलं असेल तर शपथ. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, पण इथे तर फुकट दिलेलं परत येत होतं. बौद्धवाडीतल्या मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, "धर्माजी, बावीस प्रतिज्ञा घेतल्याव ना आपन? मग देवीच्या जत्रेत आमाला परत कशाला वढताव?" वरच्या आळीतला जितेश म्हणाला, "काका, आमची घागर बुद्धाच्या नावावर चढवू नका." धर्माजी दोन्हीकडे समजावत फिरले. दोन्हीकडे चहा मिळाला, वाचक मिळाला नाही.

"एवढी बाहेर नावाजणी होतेय," चंद्रभागा म्हणाली, "गावाचं घेऊन काय बसलाय?"

"अगं, गावाबद्दल लिवलंय आणि गावाला सांगितलं नाय," धर्माजी म्हणाले, "तर ती पाठीमागं केलेली चुगली झाली. इतिहास नाय."

त्यांना गावाने ऐकायला हवं होतं. लेण्यापाशी, घागरीच्या दिवशी, दोन्ही आळ्यांनी. बाकी सगळं त्यांच्या दृष्टीने सुट्टे पैसे होते.

मग त्यांनी ते करून ठेवलं, जे फक्त एस्टीचा कंडक्टरच करू जाणे. वेशीवर फ्लेक्स लावला. 'भव्य प्रकाशन सोहळा. वैशाख पौर्णिमा, लेणी परिसर. लेखकाचे जाहीर भाषण.' स्पीकरवाल्याला इसार दिला, जनरेटर वर कसा न्यायचा ते ठरवलं, आणि गोठ्यात म्हशीपुढे भाषणाची तालीम सुरू केली. भाषण नमनालाच घडाभर तेल घेणारं होतं. म्हैस शांतपणे रवंथ करत होती, तिच्याएवढा श्रोता त्यांना पुढे मिळणं कठीण होतं.

फ्लेक्स पाहून जितेश तावातावाने अंगणात आला. मागून काठी टेकत त्याची आई, आनंदीबाई. ऐंशीच्या पुढची ही म्हातारी म्हणजे घागरीची मानकरीण. सासूकडून मान तिच्याकडे आलेला. पुस्तकातली निम्मी माहिती तिच्याच पडवीत बसून धर्माजींनी ऐकली होती. तिला वाचता येत नव्हतं, आणि मुलगा वाचून दाखवत नव्हता.

"काका, लेण्यावर कार्यक्रम व्हनार नाय," जितेश म्हणाला. "सांगून ठेवतो."

"तू थांब रं," आनंदीबाई म्हणाल्या आणि धर्माजींकडे वळल्या. "धर्मा, काय ल्हिलंयस तू पुस्तकात? घागर मुकी का?"

"वर भिक्खू ध्यानाला बसलेले असायचे, काकू. त्यांची शांती मोडू नये म्हणून."

"आन् तू तितं भोंगा लावतोस?"

मौनावर अख्खं पुस्तक लिहिलेल्या माणसाने मौनाच्या दिवशी जनरेटर सांगितला होता. हात दाखवून अवलक्षण ते याला म्हणतात. चंद्रभागेला हसूही आलं आणि नवऱ्याची कीवही आली. तिने पदर तोंडाला लावला.

"घागरीच्या मागं कुनालाबी चालता येतं," आनंदीबाई म्हणाल्या. "नेम येकच, तोंड उघडायचं नाय. तुला यायचं तर ये. भाशान नाय, भोंगा नाय. पुस्तक आन पायजे तर."

धर्माजींनी त्याच संध्याकाळी स्पीकर रद्द केला आणि फ्लेक्स स्वतः उतरवला. तो त्यांनी म्हशीच्या गोठ्यावर ताडपत्री म्हणून बांधला. त्या रात्री ते जेवताना एक शब्द बोलले नाहीत, आणि चंद्रभागेला आयुष्यात पहिल्यांदा त्यांची बडबड हवीशी वाटली.

पौर्णिमेला सकाळी बुद्धवंदना झाली. त्यानंतर ती दोघं पांढऱ्या कपड्यांत वेशीकडे निघाली. धर्माजींच्या काखेत पुस्तक. वळून पाहिलं, तर मागून बौद्धवाडी येत होती. सगळी नव्हे, पण अध्यक्ष स्वतः होते. "टाक्यात पानी वतनं ही काय पूजा न्हवं," ते वेशीपाशी हळूच म्हणाले. "वाचलं मी. परवा." मग नेम आठवून त्यांनी ओठ मिटले.

चंद्रभागा ही वाट पहिल्यांदा चढत होती. तिच्या सासूने सांगितलेलं तिला ठाऊक होतं. छप्पन्न सालाआधी आपली माणसं या घागरीमागे जायची, पण कुठे, तर पार शेवटी, घागरीवर आपली सावली पडणार नाही इतक्या लांबून. डोक्यावर सरपणाच्या मोळ्या. पाण्याला हात लावायची सोय नव्हती. धर्म बदलला तेव्हा त्या मोळ्या टाकल्या आणि ही वाटही टाकली. सासू सांगताना रडायची नाही, पण गोष्ट तिथेच थांबवायची. आज चंद्रभागा मुद्दाम पुढे चालली, आनंदीबाईंच्या अगदी मागे. कोणी सरकवलं नाही.

शेवटची चढण उभी आहे. तिथे आनंदीबाई थांबल्या. छाती भात्यासारखी हलत होती. जितेशने हात पुढे केला, तिने मान हलवली. पुरुषाने घागर घ्यायची नसते. सून छाया पुढे झाली. तिलाही म्हातारीने नजरेने थांबवलं. मग तिने दोन्ही हातांनी घागर उतरवली आणि वळून चंद्रभागेपुढे धरली.

कोणाला हरकत घ्यायची होती, त्याने घ्यावी कशी? जितेशचं तोंड उघडलं आणि मिटलं. वरच्या आळीतले दोघेतिघे एकमेकांकडे पाहू लागले. मुक्याचा नेम पिढ्यान्पिढ्या पाळलेला, तो मोडायची छाती कोणाची झाली नाही. धर्माजींच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, तेही मुक्यानेच.

चंद्रभागेने घागर घेतली. जड होती, गार होती, आणि तिच्या डोक्यावर अगदी नीट बसली. मान अशी ताठ झाली, की तिचं तिलाच नवल वाटलं. सासू असती तर आज तिने गोष्ट पुढे सांगितली असती, असा विचार करत ती चढण चढली. टाक्याच्या काठाशी उभी राहिली आणि तिने घागर पालथी केली. तापलेल्या दगडावर पाणी पसरलं.

आता सगळं गाव तिच्याकडे बघत होतं. पहिला शब्द तिचा होता. वर्षाचा शब्द. तो तिच्या लक्षातच आला नव्हता, म्हणून तयारी काही नव्हती. तिने देवीकडे पाहिलं नाही, आकाशाकडेही पाहिलं नाही. एका बाजूला वरची आळी होती, एका बाजूला बौद्धवाडी, आणि मधे तो बडबड्या माणूस लग्नपत्रिकेसारखं पुस्तक छातीशी धरून, आयुष्यात कधी नव्हता इतका गप्प उभा होता.

"ऐका," चंद्रभागा म्हणाली.

आनंदीबाई सगळ्यात आधी खाली बसल्या, दगडावरच. मग छाया बसली, अध्यक्ष बसले. जितेश थोडा वेळ उभा राहिला आणि मग आईशेजारी टेकला. धर्माजींनी पुस्तक उघडलं, घसा साफ केला आणि वाचायला लागले.