चिंचोक्याच्या खळीनं जोडलेलं मँडोलिन

परवा सुनेनं चिंचेतले चिंचोके कचऱ्यात टाकले, तेव्हा मला अमेरिकेतल्या नोव्हाय गावातली गोरी आजी आठवली. माझा नवरा गेल्यावर मी तिला सांभाळायला जायचे. तिच्याकडं वडिलांचं मँडोलिन होतं, १९३०च्या सुमाराच्या मोठ्या मंदीतलं. तेव्हा लोकांच्या हातचं काम गेलेलं, म्हणून पातळ लाकडाची, शिंपल्याच्या नक्षीऐवजी नुसती रंगवलेली स्वस्त वाद्यं निघाली होती. आता त्याची चिकटवलेली पाठ सांध्यातून सुटली होती. दुकानदार म्हणाला, "फेकून द्या, दुरुस्तीच्या लायकीचं नाही हे." आणि आजीला तर रविवारी बहिणीच्या शोकसभेत तेच वाजवायचं होतं, दोघी त्याच्यावरच शिकल्या होत्या. मी म्हटलं, "आजी, द्या इकडं." ती म्हणाली, "तुला मँडोलिन येतं?" "ते नाही येत. चिकटवता येतं." माझं माहेर विणकराचं, सुताला खळ लावण्यात लहानपण गेलं. मी चिंचोके भाजले, सोलले, दळले, शिजवून घट्ट खळ केली. पाठ बसवली, जुन्या लुगड्याच्या चिंध्यांनी आवळली आणि तीन दिवस आजीला त्याला हात लावू दिला नाही. रविवारी चर्चमध्ये ती तारा ताणायला लागली, तसं लाकूड करकरलं. घाबरून तिनं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "ताणा हो, काही होत नाही." तिनं ताणल्या आणि वाजवलं. लोक डोळे पुसत होते. ती काय वाजवत होती, ते मला आजही सांगता येणार नाही. मी सगळा वेळ सांध्याकडं बघत होते, आणि तो केसभरसुद्धा उघडला नाही.