करंट नसताना उठलेली खुर्ची

मी कॉलेजात इलेक्ट्रिकल शिकवते. भुतंखेतं, अंगात येणं वगैरे कुणी सांगू लागलं की मला आधी हसू येतं... त्यामुळे हे लिहिताना स्वतःचाच राग येतोय. पण घडलं ते माझ्या डोळ्यांसमोर.

मी साताऱ्याची, लग्न होऊन तंजावूरला आले. सासरचे इथले जुने मराठी. घर मेल वीदीत, म्हणजे रथ जातो त्या पश्चिमेच्या रस्त्याला, दार थेट रस्त्यावर. सासरे, म्हणजे अप्पा, धिप्पाड माणूस. पक्षाघाताने त्यांची उजवी बाजू गेली. आता हे स्वतःहून उभे राहणार नाहीत, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. म्हणून आम्ही दारासमोर पॉवर रिक्लायनर आणून ठेवली. दोघं बसतील एवढी रुंद, आत स्टीलचा सांगाडा, जाड फोम, ओल्या फडक्याने पुसलं की स्वच्छ. एका बटणाने पाय वर आणि पाठ मागे. दुसऱ्याने अख्खी खुर्ची पुढे कलून माणसाला उभं करायची. बॅटरी मात्र नव्हती, सगळा खेळ भिंतीतल्या प्लगवर.

अप्पांचं मागणं एकच. मोठ्या देवळाचा रथ दारावरून जाताना बसून राहायचं नाही. जन्मभर ते उभं राहून हात जोडत आले होते.

रथाच्या दिवशी जेवणानंतर आम्ही त्यांना खुर्चीतच जरा आडवं केलं आणि नेमकं विसरलो, की रथ तारांना लागू नये म्हणून रस्त्याचा करंट आधीच बंद करतात. पंखा थांबला तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. खुर्ची तशीच अडकली. नवऱ्याने आणि मी ओढून पाहिलं, पण अप्पा जड, खुर्ची त्याहून जड.

"उठीव रे मज... सामी आला," अप्पा रडायला लागले.

"करंट नाही की अप्पा, काय करू?" नवराही रडकुंडीला आला. सासूबाई नुसत्या "अय्यो, अय्यो" करत होत्या.

रथापुढे वाजणारं नादस्वरम दाराशी आलं आणि खुर्चीचा पायांखालचा भाग खाली गेला. सावकाश. मोटरचा आवाज नाही... रिमोट माझ्या हातात. पाठ सरळ झाली, खुर्ची पुढे कलली, अप्पा उभे राहिले. दोन्ही हात जोडले — उजवासुद्धा! रथ पुढे गेला तशी खुर्ची त्यांना घेऊन खाली बसली.

आम्ही वेड्यासारखी आशा धरली. रोज व्यायाम करवले. तो हात पुन्हा हलला नाही, दिवाळीआधी अप्पा गेले. मेकॅनिकने खुर्ची पूर्ण उघडून पाहिली, काही सापडलं नाही.

पुढच्या वर्षी करंट जायच्या आधी सासूबाई स्वतःच खुर्चीत आडव्या झाल्या. "ते असले तर मज उठवतील गे," म्हणाल्या.

नादस्वरम आलं. रथ आला, गेला. खुर्ची हलली नाही. सासूबाई जोडलेले हात तसेच धरून पडून होत्या.

"नाहीत ते," एवढंच बोलल्या.

पंखा फिरू लागल्यावर मीच बटण दाबून त्यांना उठवलं. पहिल्या वर्षी खुर्ची कशी उठली, याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही. दुसऱ्या वर्षी का उठली नाही, याचं आहे. करंट नव्हता. पण सासूबाईंना ते कोणत्या तोंडाने सांगू?