माथ्यावर श्री नसलेले पत्र

मंगळवार, १८ डिसेंबर २००१. सकाळचे दहा वाजून चाळीस मिनिटे. नववीचा मराठीचा तास, जागा संगणक कक्ष. वेळ मी हजेरीपटाच्या कडेला टिपून ठेवली होती, कारण इंटरनेट किती मिनिटे चालू राहिले ते कार्यालयात लिहून द्यावे लागे.

शाळेत टेलिफोनची लाइन एकच होती. संगणक कक्ष कार्यालयाला लागून होता. कार्यालयातल्या फोनची तार काढायची, भिंतीतल्या भोकातून पलीकडे ओढायची आणि मॉडेमला जोडायची. मग मॉडेम बराच वेळ खरखरे आणि कधी जोडणी होई, कधी होत नसे. तेवढा वेळ शाळेचा फोन बाहेरच्याला व्यस्त लागे. हे मला ठाऊक होते. त्या दिवशी ते ध्यानात राहिले नाही.

प्रत्येक भाषाशिक्षकाने आठवड्यातून एक तास संगणकावर घ्यावा, असे मुख्याध्यापकांनी त्या वर्षी ठरवले होते. मी विरोध केला नाही. अभ्यासक्रमात पत्रलेखन होतेच. ई-मेल हेही पत्रच, असे धरून मी तो तास त्यात बसवला.

पत्रलेखन मी तीस वर्षे शिकवत होतो. मायना, मजकूर, समारोप. कोणाला तीर्थरूप लिहावे, कोणाला चिरंजीव. त्याखेरीज पुस्तकात नसलेली एक गोष्ट मी दरवर्षी न चुकता सांगत असे. पत्राच्या माथ्यावर श्री लिहावे. ज्या पत्रावर श्री नसते, ते कोणाच्या तरी निधनाचे पत्र असते. आमच्याकडची जुनी माणसे कार्ड हातात आले की आधी माथा पाहत आणि मग मजकूर. श्री नसलेले कार्ड वाचून झाल्यावर फाडून टाकत. ते घरात ठेवत नसत.

संगणकावर मराठी टंक होता, पण त्यात लिहिलेले पत्र दुसऱ्या संगणकावर उघडले की अक्षरांऐवजी प्रश्नचिन्हे आणि कंस दिसत. आदल्या आठवड्यात हे करून पाहिले होते. म्हणून मराठी पत्र रोमन लिपीत लिहायचे ठरले. रोमन अक्षरांत पहिल्या ओळीवर एकटा श्री मला विद्रूप वाटला. कोणाचे तरी नाव लिहायला घेतले आणि मध्येच सोडून दिले, तसा. मी वर्गाला सांगितले, “यात श्री नको.” एकाही मुलाने का म्हणून विचारले नाही. माझ्या वर्गात विचारत नसत.

पहिले पत्र पालीहून येणाऱ्या एका मुलीचे निवडले. कारण साधे होते. वर्गात ई-मेलचा पत्ता असलेले वडील तिचेच. ते मुंबईत एका कचेरीत सात वर्षे तात्पुरत्या जागेवर होते आणि त्या दिवशी दुपारी चार वाजता त्यांची कायम होण्यासाठी मुलाखत होती. मुलीने हे वर्गात दोनदा सांगितले होते. ते माझेच जुने विद्यार्थी. पत्रलेखन त्यांना मीच शिकवले होते.

मुलांनी मजकूर वहीत लिहून आणायचा, मी तपासायचा, मग संगणकाच्या बाईंनी तो टंकायचा, अशी पद्धत होती. वेळ थोडा म्हणून पाच वाक्यांची मर्यादा घातली होती. मुलीचे पहिलेच वाक्य दोन ओळींचे होते: ‘आज पहाटेच्या पहिल्या गाडीने आजी केळशीला मावशीआजीकडे महिनाभर राहायला गेली.’ मी लाल पेन्सिलीने त्यातला पसारा काढला. उरले ते असे: ‘आज पहाटे आजी गेली. घर रिकामे वाटते. तिची काठी दाराशीच राहिली. आई म्हणते, सवय होईल. मुलाखत झाली की या.’

मला ते चांगले वाटले. मी वर्गाला वाचून दाखवले आणि म्हणालो, “थोडक्यात लिहिणे याला म्हणतात.”

दहा अठ्ठावन्नला बाईंनी पत्र धाडले.

उत्तर यायला किती वेळ लागतो, याचा मला अंदाज नव्हता. कार्डाला चार दिवस लागत आणि ते चार दिवस आपण दुसरी कामे करत असतो. येथे मात्र उत्तर कोणत्याही क्षणी येईल असे बाई म्हणाल्या आणि माझे स्वास्थ्य गेले. दहावीच्या तासाला व्याकरण शिकवताना मी दोनदा चुकलो. तास संपताच कक्षात जाऊन जोडणी करायला लावली. काही नव्हते. मधल्या सुट्टीत पुन्हा गेलो. मॉडेम खरखरत राहिले, लाइन तुटली, पुन्हा जोडली.

“सर, सारखं बघून लवकर येत नाही,” बाई म्हणाल्या.

“ठाऊक आहे. लावा.”

बारा पंचवीसला उत्तर दिसले. ती मुलगी आणि आणखी चार मुली पाठीमागे उभ्या होत्या. रोमन लिपीतली एकच ओळ होती: निघतो. मी येईपर्यंत थांबा.

मुलगी म्हणाली, “बाबा येतायत? आज तर मुलाखत आहे.”

मी ओळ पुन्हा वाचली. येईपर्यंत थांबा, असे घरी कधी कळवतात ते चाळिशीच्या वरच्या माणसाला सांगावे लागत नाही. मी पडद्यावर वर सरकून आमचे पत्र पाहिले. माथा रिकामा होता. त्याखाली माझे कापलेले वाक्य. तीस वर्षे शिकवलेली गोष्ट मला आठवली नव्हती. कागद नव्हता, म्हणून मनातून मी ते पत्र धरलेच नव्हते.

“वडिलांच्या कचेरीचा फोन नंबर आहे?”

मुलीने कंपासपेटी उघडली. झाकणाच्या आतल्या बाजूला दोन नंबर चिकटवलेले होते. एक कचेरीचा, दुसरा केळशीच्या एस.टी. थांब्यासमोरच्या दुकानाचा. शाळेच्या फोनला बाहेरगावासाठी कुलूप होते आणि किल्ली असलेले लेखनिक बँकेत गेले होते. मी मुलीला घेऊन फाटकासमोरच्या एस.टी.डी. बूथवर गेलो.

“मास्तर, शाळेत इंटरनेट आलं तरी शेवटी आमच्याकडंच ना,” बूथवाला म्हणाला. मी नंबर पुढे केला.

पाऊण वाजता ते फोनवर आले.

“सर, तुम्ही? पाऊण तास लावतोय शाळेचा फोन. सारखा व्यस्त.”

“तुझी आई बरी आहे. केळशीला गेली आहे. तू निघू नकोस.”



“सर, फोनवर असंच सांगतात.”

“काय सांगतात?”

“बरी आहे म्हणून. बाबा गेले तेव्हा तुम्हीच फोन केला होतात. ‘जरा बरं नाही, येऊन जा’ म्हणालात. मी पोचलो तेव्हा सगळं आटपलं होतं.”

हे खरे होते. तेव्हाची पद्धत ती होती आणि आजही आहे. मृत्यूची बातमी फोनवर द्यायची नाही. माणसाला प्रवास करायचा असतो.

“मी खोटे बोलत नाही,” मी म्हणालो.

“तेव्हाही बोलला नव्हतात. बरं नव्हतंच त्यांना.”

“आई गेली असती, तर पोर शाळेत आली असती का?”

“घरी फोन नाही. मला कळवायला तिला शाळेतच यावं लागणार. सर, पत्रावर श्री नाही. तुम्ही तपासल्याशिवाय पोरांचं पत्र बाहेर जात नाही, ते मला ठाऊक आहे.”

मी फोन मुलीच्या हातात दिला. तिने “बाबा” एवढे म्हटले आणि रडू लागली. भीतीने रडत होती. पण ते तिच्या वडिलांना दिसत नव्हते. मी फोन परत घेतला.

“बघा,” ते म्हणाले. आवाज बदलला होता.

“आईचा आवाज ऐकलास तर थांबशील?”

“सर, दोनची गाडी आहे. सव्वाला मला इथून निघावं लागेल. बाबांच्या वेळी राहिलं ते राहिलं. आता नाही.”

“सव्वापर्यंत टेबलापाशी बस. फोन दुसऱ्याला वापरू देऊ नकोस.”

केळशीचा नंबर तिसऱ्या खेपेला लागला. दुकानदार शांत माणूस होता. नको तितका शांत.

“त्या इथं पोचल्यात कुठं? दापोलीची गाडी यायची आहे अजून.”

“किती वाजता येते?”

“एकला. येते म्हणजे वेळ एकची आहे.”

मी त्यांना काय झाले ते सांगितले, मुंबईचा नंबर दोनदा लिहून घ्यायला लावला आणि म्हातारी उतरताच तिला फोनपाशी आणा असे बजावले. मग बूथमध्ये उभा राहिलो. मुलगी बाकावर बसली नाही, म्हणून मीही बसलो नाही. एक वाजला. एक वाजून चार मिनिटांनी मी केळशीला फोन केला. गाडी आली नव्हती. एक वाजून आठ मिनिटांनी पुन्हा केला.

“आली, आली. ब्रेक लागतायत,” दुकानदार म्हणाला. “थांबा, उतरू दे त्यांना. हातात बोचकं आहे.”

इंजिनाची घरघर आणि माणसांची बोलणी ऐकू आली. मग अगदी कानाशी मोठा आवाज आला.

“कोण?”

“मी शाळेतला मास्तर बोलतो. तुमच्या मुलाला वाटते की तुम्ही गेलात.”

“गेलेच आहे की. आज पहाटेच. त्याला कुणी कळवलं इतक्यात?”

“तसे नव्हे. वारलात, असे वाटते.”

“मेल्याला एवढी घाई कसली?”

“त्याला आत्ता फोन करा. दुकानदार लावून देतील. मुलाखत सोडून निघाला आहे.”

“मग तुम्ही सांगा ना, जिती आहे म्हणून.”

“सांगितले. माझ्यावर विश्वास नाही.”

“मास्तर ना तुम्ही त्याचे?”

“हो.”

“मग शिकवलंत काय त्याला?”

“तेच शिकवले,” असे मी म्हणालो, पण तोवर फोन बंद झाला होता.

एक वाजून तेरा मिनिटे झाली होती. दोन मिनिटे थांबून मी मुंबईचा नंबर लावायला सांगितला. व्यस्त. पुन्हा लावला. व्यस्त. मघा त्या माणसाला जो स्वर ऐकावा लागला होता तो आता मी ऐकत होतो आणि तो जितका लांबला तितका मला बरा वाटला. एक पंचविसाला ते फोनवर आले.

“बोलली,” ते म्हणाले. “मला शिव्या दिल्या.”

“काठी विसरली आहे, ती पाठवायची का ते विचार.”

“तेच सांगत होती सर. पाचदा.”

“मुलाखतीला जा.”

शाळेकडे परत येताना मुलगी मागे दोन पावले चालत होती. फाटकापाशी ती म्हणाली, “सर, केळशीला गेली असं मी लिहिलं होतं.”

“लिहिले होतेस.”

“तुम्ही खोडलंत.”

“हो. चूक माझी.”

ती वर्गात गेली. बाकीचे तास मी घेतले, पण त्यांत काय शिकवले ते मला सांगता येणार नाही. चार वाजता घड्याळ पाहिले. मग चार दहाला, चार वीसला. शाळा सुटली. मुलीला पाच दहाच्या पालीच्या गाडीत बसवायला बाई गेल्या. मी कार्यालयात फोनशेजारी बसलो. लाइन त्या दिवशी दुपारनंतर मॉडेमला जोडू दिली नव्हती. लेखनिकांनी कुलूप काढून दिले होते, पण मला फोन करायचा नव्हता. तो यायला हवा होता. शिपाई खिडक्या लावून गेला. मी दोनदा रिसीव्हर उचलून पाहिला. मग लक्षात आले की नेमके त्याच वेळी फोन आला तर व्यस्त लागेल, आणि हात मांडीवर ठेवले.

पाच पन्नासला घंटा वाजली.

“झाली, सर.”

“काय विचारले?”

“फार नाही. शेवटी एक अर्ज लिहायला सांगितला. मराठीत, हाताने.”

“माथ्यावर काय लिहिलेस?”

“कचेरीच्या अर्जावर श्री नसतो. तुम्हीच सांगितलं होतं.”

“बरोबर. निकाल?”

“पत्राने कळवतील.”

तो कायम झाला हे मला नाताळच्या सुट्टीनंतर कळले. ते या दिवसात मोडत नाही.

फोन ठेवल्यावर मी तार काढली आणि पलीकडे नेऊन मॉडेमला जोडली. बाईंनी क्रम एका कागदावर लिहून भिंतीला लावला होता. तो वाचत, एका बोटाने, मी पहिल्यांदाच एकट्याने पत्र टंकले. माथ्यावर श्री. मग मुलीचे वाक्य वहीत होते तसे, पहिल्या गाडीसकट, मावशीआजीसकट, महिनाभर राहण्यासकट. खालची चार वाक्ये तशीच ठेवली. एवढे टंकून व्हायला पंचवीस मिनिटे लागली. पत्र गेले असे पडद्यावर दिसल्यावर संगणक बंद केला, मिनिटे वहीत लिहिली, तार पुन्हा कार्यालयातल्या फोनला जोडली, रिसीव्हर कानाला लावून स्वर येतो आहे याची खात्री केली आणि तो जागेवर ठेवला.